शिश्नाच्या टोकाची खाज आणि दाह : या चुका टाळा

तालुक्याच्या गावी त्वचारोगांचा दवाखाना चालवताना मला सर्वांत जास्त खटकते ते हे, की शिश्नाच्या टोकाला किंवा त्यावरच्या कातडीला खाज सुटली, लाली आली, की पुरुष मंडळी डॉक्टर सोडून बाकी सगळीकडे जाऊन येतात. माझ्यापर्यंत पोहोचतात तेव्हा मूळ आजार बाजूला पडलेला असतो आणि मला आधी उपचारांनीच केलेले नुकसान निस्तरावे लागते. या दाहाला वैद्यकीय भाषेत बॅलनायटिस म्हणतात. त्याचे कारण सापडले, तर तो बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत आटोक्यात येतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली मिश्र मलमाची ट्यूब. तिच्यात बुरशीवरचे औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासॉलसारखे अतितीव्र स्टेरॉइड एकत्र असते. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, म्हणून माणसाला वाटते की औषध लागू पडले. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि बुरशीला रान मोकळे मिळते.

दोन पावसाळ्यांपूर्वी पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आले होते. त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेली ट्यूब काढली. ती शेवटपर्यंत पिळलेली होती आणि आत चिकटलेले मलम बोटाने निघावे म्हणून मागचे टोक कात्रीने कापलेले होते. वर्षभरातली ही अकरावी, असे त्यांनीच सांगितले. लावले की चार दिवस बरे, सोडले की पुन्हा तेच. तपासले तेव्हा शिश्नमुंडावरची त्वचा पातळ आणि चकचकीत झाली होती, तिच्यातून बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या, पुढच्या कातडीच्या कडेला कागदाने कापावे तशा उभ्या चिरा पडल्या होत्या आणि जांघेतले गजकर्ण मांड्यांपर्यंत पसरले होते. त्या चिरा पाहूनच मी रक्तातली साखर तपासायला पाठवले, कारण अशा चिरांमागे मधुमेह असणे ही नेहमीची गोष्ट आहे. उपाशीपोटीची साखर २४० निघाली. मधुमेहाची पहिली खूण वर्षभर डोळ्यांसमोर होती आणि अकरा ट्यूबांनी ती झाकून ठेवली होती. ट्यूब बंद केल्यावर पहिले दोन आठवडे जळजळ उलट वाढली, ते रोज फोन करत राहिले, पण त्यांनी धीर धरला. क्लोट्रिमॅझॉल हे बुरशीवरचे साधे मलम आणि मधुमेहाचे उपचार यांनी चिरा भरून आल्या; पातळ झालेली त्वचा सावरायला मात्र पुढे कित्येक महिने लागले.

म्हणून माझा शिरस्ता असा आहे, की हा त्रास दुसऱ्यांदा घेऊन आलेल्या प्रत्येक पुरुषाची साखर तपासल्याशिवाय मी नवे औषध लिहीत नाही, मग तो पंचविशीचा का असेना. ज्यांचा मधुमेह आधीच माहीत आहे, त्यांनी आपल्या गोळ्यांची नावे बरोबर आणावीत. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्या साखरेवर त्या जागी बुरशी पोसते. डॅपाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट २०२० साली संपल्यावर ही गोळी स्वस्त झाली आणि खेड्यापाड्यांत पोहोचली, तसे असे रुग्णही माझ्याकडे वाढले. गोळी चांगली आहे. ती स्वतःच्या मनाने बंद न करता ज्यांनी दिली त्यांना हा त्रास सांगावा.

दुसरी चूक स्वच्छतेच्या नावाखाली होते. ‘डॉक्टर, मी दिवसातून चार वेळा साबणाने धुतो, तरी असे का?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की आता मीच आधी विचारतो, साबण कोणता वापरता? त्या ठिकाणची त्वचा तळहातासारखी राठ नसते. साबण, जंतुनाशक द्रव, तुरटी, मिठाचे तीव्र पाणी यांनी तिचा स्निग्ध थर निघून जातो, आग होते, ती आग घाण समजून माणूस आणखी धुतो आणि हे चक्र सुरूच राहते. दिवसातून एकदा कातडी सहज जाईल तेवढीच मागे घेऊन नुसत्या कोमट पाण्याने धुवावे, मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करावे आणि कातडी पुन्हा पुढे आणावी. अनेकांचा त्रास एवढ्यानेच थांबलेला मी पाहिला आहे, पण फुकटातल्या उपायावर लोकांचा विश्वास बसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘उष्णता वाढली आहे’ असे म्हणून महिना-महिना सब्जा आणि धन्या-जिऱ्याचे पाणी पीत राहणारेही पुष्कळ असतात. त्या पाण्याने अपाय होत नाही. अपाय वाया गेलेल्या महिन्याने होतो.

एका कारणाकडे फारच कमी लोकांचे लक्ष जाते. जुलाबासाठी टिनिडॅझॉल असलेली गोळी किंवा अंगदुखीसाठी एखादी वेदनाशामक गोळी घेतल्यावर काही तासांत शिश्नमुंडावर गोल, लालसर-काळपट चट्टा उठतो, कधी फोड येऊन फुटतो. तो औषधाच्या ॲलर्जीचा चट्टा असतो आणि तीच गोळी पुन्हा घेतली की नेमक्या त्याच जागी उठतो. कित्येक नवरा-बायकोंमध्ये यावरून विनाकारण संशय शिरलेला मी पाहिला आहे. गोळीचे नाव लिहून ठेवावे आणि पुढे प्रत्येक डॉक्टरला दाखवावे.

मात्र नव्या शरीरसंबंधानंतर जखम, फोड किंवा मूत्रमार्गातून पू आला, तर लाज बाजूला ठेवून गुप्तरोगांच्या तपासण्या कराव्यात आणि जोडीदाराचेही उपचार करावेत. लघवी करताना आतून जळजळ होत असेल, तर उरलेली प्रतिजैविके गिळण्याआधी लघवीत कोणते जंतू आहेत हे दाखवणारी कल्चर तपासणी करावी. चार आठवड्यांत न भरणारी जखम किंवा गाठ असेल, तर मलमे बदलत बसू नये. त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो, कारण तो कर्करोगही असू शकतो.

लहान मुलांच्या बाबतीत घरची मोठी माणसे तेल लावून रोज कातडी जबरदस्तीने मागे ओढतात. लहान वयात ती चिकटलेली असणे नैसर्गिक आहे. ओढल्याने ती फाटते, व्रण धरतो आणि जी कातडी पुढे आपोआप सुटली असती ती कायमची आवळते. लघवी करताना ती फुग्यासारखी फुगत असेल किंवा वारंवार सुजत असेल, तरच डॉक्टरांना दाखवावे.

आणि मागे घेतलेली कातडी मागेच राहून आवळली, टोक सुजून निळसर पडू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. ही मूत्रविकाराची तातडीची अवस्था आहे. आम्ही तेथे ओली थंड घडी ठेवून, हाताने काही मिनिटे सारखा दाब देऊन सूज उतरवतो आणि कातडी पुढे आणतो. रुग्ण पहिल्या काही तासांत आला, तर पुष्कळदा एवढ्याने भागते. दुसऱ्या दिवशी आला, तर चीर द्यावी लागण्याची शक्यता वाढते.