लाइपझिगला घर मांडताना

जर्मनीत म्युनिकच्या भाड्याचा धसका घेतलेल्यांनी तिथल्याच लाइपझिग शहराकडे जरूर पाहावं. पश्चिमेकडचे प्लाग्विट्झ आणि लिंडेनाऊ हे जुने कारखान्यांचे भाग. तिथली १८८४ची सूतगिरणी आता चित्रकारांचे स्टुडिओ आणि गॅलऱ्यांनी भरली आहे. (गिरणगावातल्या माणसाला ते पाहून थोडा हेवा वाटेल!)

जाहिरातीत 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं. 'वार्ममीटे'त हीटिंग, पाणी, कचरा येतं, पण घरातली वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळं. हिशेब वार्ममीटेवरच करा. अनामत जास्तीत जास्त ३ महिन्यांचं काल्टमीटे, आणि ती कायद्याने ३ हप्त्यांत देता येते. घर न दाखवता 'पैसे पाठवा, किल्ली कुरियर करतो' म्हणणारा ठगच समजा.

पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसत्या भिंती आणि नळाची जोडणी. ओटा, सिंक, शेगडी आपणच आणायची. त्यासाठी पैसे आधीच बाजूला ठेवा.

राहायला गेल्यावर १४ दिवसांत पत्तानोंदणी करावी लागते. गाडी अडते ती इथेच: घरमालकाने सही केलेला रहिवास-पुष्टीचा फॉर्म लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. म्हणून करारावर सही करतानाच तो मागून घ्या. पोटभाड्याने खोली देणारा 'नोंदणी नको' म्हणाला तर ती खोली सोडा, कारण कर क्रमांक याच नोंदणीनंतर टपालाने येतो. तेव्हा टपालपेटीवर स्वतःचं आडनाव लावा. नाव नसेल तर पत्र परत जातं.