मुरमाड रानात झाडं लावायचीत? मृगाच्या आधीच कामाला लागा

सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगर या पट्ट्यात ज्यांचं माळरान आहे, म्हणजे वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याच्याखाली थेट काळा कातळ, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दरवर्षी जूनमध्ये नर्सरीतून कमरेएवढी रोपं आणायची, फोटो काढायचे आणि मार्चपर्यंत निम्मी वाळलेली बघायची, हे आता बास करा. माझं सरळ मत आहे, अशा जमिनीत रोप लावण्यापेक्षा बी जागेवरच टोकलेलं बरं. पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाला गोल फिरलेलं असतं, ते मुरमात खाली घुसतच नाही, आणि बोर, बाभूळ, कडुनिंब यांचा सगळा जीव त्या सोटमुळावर असतो.

खड्डे राहिले असतील तर आत्ताच घ्या. दोन बाय दोन बाय दोन फूट. मुरूम असेल तर पहारीनं तळ अजून फोडून घ्या, पण तळाला अखंड कातळ लागला तर ती जागा सोडून द्या, कारण तिथं पावसात पाणी साचून मुळं कुजतात आणि उन्हाळ्यात तेच झाड आधी जळतं. खड्डा उन्हात तापू द्या, मग वरची माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत भरा. कच्चं शेणखत टाकलं की वाळवी आलीच समजा, थोडी निंबोळी पेंड मिसळलीत तर उत्तम. उताराच्या खालच्या बाजूनं अर्धचंद्रासारखा दगड-मातीचा बांध घाला, दगड तर रानात फुकटच आहेत.

आता बियांचं. निंबोळी ताजीच पाहिजे, गर धुवून सावलीत सुकवायची आणि पंधरवड्याच्या आत टोकायची, मागच्या वर्षीची ठेवलेली फारशी उगवत नाही. पळसाचं बी पण असंच, ताजं ताजं टाका. बहाव्याच्या बीचं कवच लय कडक, पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं. बाभळीला एवढा खटाटोपच नको, शेळ्यांच्या वाड्यातलं लेंड्यांमधलं बी गोळा करा, ते आपोआप तयार झालेलं असतं. बोराच्या आठळ्या पाण्यात टाकून तरंगतील त्या फेका, उरलेल्या हलक्या हातानं फोडून आतलं बी काढलं तर आठवड्याभरात कोंब दिसतो. गावठी बोर अशी जागेवर वाढवून पुढच्या पावसाळ्यात खोड पेन्सिलीएवढं झालं की उमराण या बोराच्या जातीचा डोळा भरायचा, म्हणजे तिच्या फांदीचा डोळा खोडाच्या सालीत बसवून कलम करायचं, कलम विकत आणण्यापेक्षा हे झाड दुष्काळात जास्त टिकतं. बांधाला करवंद नाहीतर सागरगोटा, जनावर आत शिरत नाही. (सीताफळ मूळचं अमेरिकेकडचं, पण आपल्या माळावर इतकं रुळलंय की लावायला माझी हरकत नाही. गुलमोहर मात्र नको बाबा, वादळात आडवा होतो.)

टोकायची घाई मृगाच्या पहिल्या सरीला करू नका. मुरूम हातभर ओला झाला की मगच, बहुतेक वेळा आर्द्रा उजाडतं. एका खड्ड्यात तीन बिया, नंतर जोमदार एकच ठेवा. जुलैत पावसानं ओढ दिली तर कच्च्या भाजणीचं मडकं शेजारी गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरून ठेवायचं. आळ्यात वाळलं गवत आणि त्यावर दगड लावा, ओल टिकते, फक्त दगड खोडापासून चार बोटं लांब ठेवा कारण काळा दगड तापला की कोवळी साल भाजते.

आणि रान साफ करताना तरवडाची झुडपं उपटू नका. शेळ्या तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून त्याच्या पूर्वेच्या अंगाला बी टोकलं की दुपारची सावली पण मिळते आणि राखण पण होते, पुढं झाड वर निघालं की तरवड छाटून तिथंच आळ्यात टाका.