आयबीडी रुग्णसंस्थेत नव्याने काम सुरू करताना

संस्थेचं ध्येय पहिल्याच दिवशी हातात पडतं: आयबीडीवर, म्हणजे आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारांवर, कायमचा उपाय शोधायचा, तोवर रुग्णांचं जगणं सुसह्य करायचं, कुणाला एकटं पडू द्यायचं नाही. आतड्यांच्या आजारांवर काम करणाऱ्या बहुतेक संस्थांचं म्हणणं थोड्याफार फरकाने हेच असतं. त्याखाली आस्था, सचोटी, सर्वसमावेशकता अशी मूल्यांची यादी येते. ती पाठ करत बसू नका. संस्था खरोखर सगळ्यांना सामावून घेते की नाही, हे बैठकीच्या जागेतलं शौचालय, अर्जातले रकाने आणि हेल्पलाइनवर विचारला जाणारा पहिला प्रश्न यांवरून कळतं. नवीन माणसाच्या वाट्याला येणारं कामही नेमकं तेच असतं.

आधी आजार नीट समजून घ्या, कारण अर्धे गोंधळ इथेच होतात. आयबीडी म्हणजे मुख्यतः क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधले भाग निरोगी सोडून पुढे सरकतो आणि आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांत उतरतो; म्हणून त्यात आतडं अरुंद होणं आणि फिस्टुला (आतड्यातून दुसऱ्या अवयवात किंवा त्वचेपर्यंत पडणारी वाट) हे प्रकार दिसतात. कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता असतो, तो गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढतो. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हा वेगळा विकार. त्यातला त्रास खराच असतो, पण आतड्याला सूज किंवा व्रण नसतात. फोन करणाऱ्याने ‘आयबी’पर्यंतच उच्चार स्पष्ट केला, तर लाज न बाळगता पुन्हा विचारा, चुकीची पुस्तिका गेली की त्या माणसाचा विश्वासही जातो.

हे आजार संसर्गाने पसरत नाहीत. ‘मसालेदार खाल्लंस म्हणून झालं’ किंवा ‘टेन्शन घेतलंस म्हणून झालं’ हेही खरं नाही. आनुवंशिकता, रोगप्रतिकारशक्ती, आतड्यातले जिवाणू आणि परिसर यांच्या गुंत्यातून ते उद्भवतात. अमुक पथ्याने आजार मुळापासून जातो असं सांगणारे स्वयंसेवक अधूनमधून भेटतात. मनाने चांगले असतात, पण त्यांना फोनवर बसवू नये.

हेल्पलाइनची शिस्त साधी आहे, पाळायला मात्र कठीण. निदान करायचं नाही, औषधाची मात्रा सांगायची नाही, आणि ‘थोडे दिवस बंद करून बघा’ हे तर कधीच नाही. काही आठवडे स्टिरॉइड (सूज कमी करणारं औषध) घेतल्यावर शरीर कॉर्टिसॉल हे स्वतःचं आवश्यक संप्रेरक कमी बनवू लागतं. गोळी एकदम थांबली तर माणूस गंभीर अडचणीत येऊ शकतो. काही लक्षणं ऐकली की माहिती देणं थांबवून तातडीच्या उपचारांकडे पाठवायचं: खूप रक्त जाणं, पोट फुगून उलट्या होणं आणि वारा किंवा शौच पूर्ण बंद असणं, रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना चढलेला ताप. या लक्षणांचा कागद फोनशेजारी चिकटवून ठेवावा, फाईलमध्ये नव्हे.

शौचाबद्दल बोलताना ‘पोटाचा त्रास’ असं मोघम म्हणू नका. तुम्ही संकोचलात की समोरचाही आखडतो, आणि रात्री उठून जावं लागतं हे सांगायचं राहूनच जातं. इथे ब्रिस्टल तक्ता फार उपयोगी पडतो. १९९७ साली मांडलेल्या या तक्त्यात शौचाचे ७ प्रकार चित्रांसह आहेत, पहिला सुट्या कठीण खड्यांचा, सातवा निव्वळ पाण्यासारखा. ‘सहा नंबर, दिवसातून आठ वेळा’ एवढं सांगणं कुणालाही जमतं, भाषा कच्ची असली तरीही.

भाषेच्या बाबतीत संस्था सर्रास एक चूक करतात: दुभाषा म्हणून घरातल्याच माणसाला बसवतात. आईच्या शौचातलं रक्त, गुदद्वाराजवळचा गळू, शरीरसंबंधातल्या वेदना हे सगळं शाळकरी मुलाने डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला सांगायचं? आई ते बोलणारच नाही. बाहेरचा, गोपनीयता पाळणारा दुभाषा आधीच ठरवून ठेवावा, आणि तो स्त्री हवा की पुरुष हे रुग्णाला विचारावं. जोडीदाराबद्दल विचारताना ‘नवरा’ किंवा ‘बायको’ असं गृहीत धरू नये.

पुस्तिकांमधले फोटोही तपासा. आजारासोबत काहींच्या नडग्यांवर दुखऱ्या गाठी येतात. गोऱ्या त्वचेवर त्या लालबुंद दिसतात, सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर जांभळट किंवा नुसत्याच गडद. पुस्तिकेत फक्त ‘लाल गाठी’ लिहिलं असेल तर निम्म्या वाचकांना त्या ओळखताच येणार नाहीत. रक्तक्षयाचा फिकेपणाही गडद त्वचेवर चेहऱ्यावरून कळत नाही, खालची पापणी ओढून आतला भाग पाहावा लागतो. आयबीडी हा ‘गोऱ्यांचा आजार’ असा समज वैद्यकक्षेत्रातही बराच काळ होता, आणि त्यापायी इतर समाजांतल्या रुग्णांची निदानं लांबली. आतड्याचा क्षय जिथे जास्त आढळतो तिथे क्रोन्स आणि क्षय एकमेकांसारखे दिसतात, ही आणखी एक अडचण.

आता जागा. हॉल ठरवायला जाल तेव्हा आधी शौचालयात जा, मंच नंतर बघा. बैठकीच्या दारापासून ते किती पावलांवर आहे, एकूण किती आहेत, कडी नीट लागते का, आत हात धुवायला पाणी आहे का. स्टोमाची (शस्त्रक्रियेने पोटावर केलेल्या शौचमार्गाची) पिशवी बदलणाऱ्याला सामान ठेवायला छोटी फळी लागते, कपडे अडकवायला खुंटी लागते, आणि पोटाच्या उंचीवर आरसा असेल तर काम निम्मं होतं. सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पुरुषांच्या शौचालयातली झाकणाची कचरापेटी. ती बहुतेक ठिकाणी नसतेच. मग माणूस वापरलेली पिशवी खिशात घालून बाहेर येतो, किंवा पुढच्या वेळी कार्यक्रमालाच येत नाही. अपंगांसाठीच्या शौचालयाच्या दारावर ‘प्रत्येक अपंगत्व दिसत नाही’ अशी पाटी असावी. ब्रिटनमध्ये क्रोन्स अँड कोलायटिस यूके या संस्थेने अशा पाट्यांसाठी मोहीम चालवली. अमेरिकेत इलिनॉय राज्याने २००५ साली कायदाच केला: अशा रुग्णाला निकडीच्या वेळी दुकानाने, ठरावीक अटींवर, कर्मचाऱ्यांचं शौचालय वापरू द्यायचं.

बैठक शक्यतो सकाळी लवकर नको, कारण अनेकांची सकाळ शौचालयातच जाते. पाऊण तासाने सुट्टी हवी. कडेच्या खुर्च्या मोकळ्या ठेवा, कुणी उठून गेलं तर भाषण थांबवू नका. ऑनलाइन असाल तर कॅमेरा बंद ठेवायला पूर्ण मुभा असावी. खाण्यात काय घातलंय ते लिहून ठेवा आणि आग्रह करू नका. आतडं अरुंद झालेल्याला तंतुमय पदार्थ अडकू शकतात.

संशोधनासाठी रुग्णांचं मत घेणाऱ्या समित्यांमध्ये एकच ‘रुग्ण प्रतिनिधी’ बसवण्याची पद्धत जवळजवळ निरुपयोगी आहे. एकटा माणूस दहा तज्ज्ञांसमोर मान डोलावतो. कमीत कमी दोघे-तिघे हवेत, कागद सोप्या भाषेत आणि आधी पाठवलेले हवेत, वेळेचं मानधन आणि प्रवासखर्च हवा. खर्च आधी स्वतः करा, नंतर देऊ, असं म्हटलं की येतात ते फक्त पैसेवाले. औषध कंपनीकडून देणगी आली असेल तर तेही समितीला सांगितलेलं असावं, आणि पुस्तिकेवर छापलेलंही.

संस्थेत काम करणारे बरेच जण स्वतः रुग्ण असतात, म्हणून प्रत्येक जबाबदारीवर सुरुवातीपासूनच दोन नावं लिहा. पासवर्ड, चाव्या, संपर्कयादी दोघांकडेही हव्यात. फ्लेअर, म्हणजे आजार पुन्हा उसळणं, पूर्वसूचना देऊन येत नाही, आणि आजार शांत असतानाही थकवा राहू शकतो, त्यामुळे ‘दिसतोय तर ठणठणीत’ हे वाक्य इथे तरी कुणाला ऐकायला लागू नये. आजारपणानंतर कामावर परत आलेल्याला लगेच फोनवर बसवू नका. स्वतःचा त्रास ताजा असताना दुसऱ्याचं तेच ऐकणं जड जातं. पुस्तिकेचा मजकूर तपासणं किंवा पत्रांना उत्तरं देणं यापासून सुरुवात करता येते, आणि फोनवर कधी परतायचं ते त्यालाच ठरवू द्यावं.