ओळखीतून उभं राहिलेलं प्रदर्शन: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जानेवारी २०२४मध्ये आम्ही नऊ क्विअर (समलिंगी, पारलिंगी वगैरे) चित्रकारांनी पुण्यातल्या एका लहान दालनात सात दिवसांचं प्रदर्शन भरवलं. तेव्हापासून कलामहाविद्यालयातली मुलं-मुली अधूनमधून मला विचारतात, "ताई, आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करून मी जी.डी. आर्ट (शासकीय कला पदविका) केलं. पाच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता पुस्तकांसाठी चित्रं काढते. मला बाया आवडतात हे घरी सांगून बरीच वर्षं झाली. असं प्रदर्शन करण्याएवढा पैसा माझ्याकडे नव्हता आणि एखाद्या संस्थेचं पाठबळही नव्हतं. होती ती फक्त माणसं. मी वर्गमित्राला विचारलं, त्याने त्याच्या जुन्या जोडीदाराला, त्याने मुंबईतल्या खोलीभागीदाराला. असं करत करत दोन महिन्यांत सात जण जमले.

ओळखीतून जमलेलं म्हणजे कमअस्सल, खरी निवड नाहीच, असं तुम्हाला कुणी ना कुणी म्हणेलच. त्यावर एक उदाहरण मनाशी ठेवा. १९८१ साली मुंबईत जहांगीर कलादालनात आणि मग दिल्लीत 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन झालं. जोगेन चौधरी, भूपेन खक्कर, नलिनी मलानी, सुधीर पटवर्धन, गुलाममोहम्मद शेख आणि विवान सुंदरम् असे सहा चित्रकार त्यात होते. एकमेकांच्या ओळखीचे, एकमेकांच्या कामावर तासन्‌तास बोलणारे. पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत होते. खक्कर पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. शेखांशी मैत्री झाली, त्यांनी आग्रह धरला, म्हणून १९६२मध्ये ते मुंबई सोडून बडोद्याला गेले. आपल्याकडच्या आधुनिक चित्रकलेतला सगळ्यात धीट समलिंगी आवाज बडोद्याला पोचला तो असा, एका मित्राच्या आग्रहाने. त्याच १९८१ साली खक्करांनी 'यू कान्ट प्लीज ऑल' रंगवलं. बाप, लेक आणि गाढव ही आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट खाली गावात चालली आहे आणि बाल्कनीत उघडा उभा असलेला एक माणूस ती बघतो आहे. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. आमच्या पहिल्या बैठकीत त्याची छापील प्रत मी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली होती.

ओळखीचा धोकाही पहिल्याच बैठकीत दिसला. सातही जण पुण्या-मुंबईचे, सातही जण कलामहाविद्यालयातून शिकलेले, आडनावंसुद्धा एकाच थरातली. ओळखीची साखळी आपोआप आपल्यासारख्यांकडेच जाते. म्हणून आम्ही दोन जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या. प्रत्येकाने आपल्या ओळखीतलं असं एक नाव आणायचं, ज्याचं काम आजवर कुठल्याही दालनात लागलेलं नाही. त्यातून सोलापूरची एक मैत्रीण आली. ती पारलिंगी आहे, म्हणजे जन्मावेळी तिला मुलगा ठरवलं होतं, पण ती बाई आहे; आणि जुन्या इरकली साड्यांच्या काठांवर भरतकाम करते. दुसरा कुडाळचा. कोकणातल्या दशावतार नाटकांत स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांची कामं करणाऱ्या, नटांना रंगवण्याचं काम तो करतो. रात्रभर खेळ चालतो, पहाटे रंग उतरतो आणि त्या उतरत्या रंगाखालचे चेहरे तो घरी जाऊन आठवणीने कागदावर काढतो. या दोघांच्या कामापुढे आम्हा शिकलेल्यांची अर्धी चित्रं फिकी पडली, हे मी मनापासून सांगते. तुमच्या यादीतही अशा जागा ठेवा. आणि त्या शेवटी उरतील तशा भरू नका, आधी भरा.

दालन मिळवताना एका ठिकाणी तारखा ठरल्या, आगाऊ रक्कम द्यायची वेळ आली आणि मग सुचवण्यात आलं की पत्रिकेवर "क्विअर" हा शब्द नको, "तरुण चित्रकारांचं समूहप्रदर्शन" एवढंच छापा. आम्ही तिथून उठलो. हा निर्णय नऊ जणांनी मिळून घेतला हे महत्त्वाचं. त्यात दोघं अशी होती की शब्द गाळला असता तर त्यांना घरी सोपं गेलं असतं. दुसऱ्या दालनाच्या बाईंनी फक्त नग्नचित्रं किती आहेत ते विचारलं, ती आतल्या खोलीत लावू आणि दाराशी पाटी ठेवू म्हणाल्या. हे आम्ही मान्य केलं. शाळेतली मुलंही तिथे येतात, बाईंचं म्हणणं रास्त होतं. कुठे अडायचं आणि कुठे ऐकायचं हे दालन शोधायला निघण्याआधी आपसात बोलून ठेवा. ऐन वेळी बोलाल तर भांडणं होतात.

आता सगळ्यात नाजूक भाग, तो म्हणजे नावं. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध वगळले. त्यामुळे आपण गुन्हेगार नाही. पण कायदा बदलला म्हणून गावातली आजी, घरमालक, ऑफिसातला साहेब बदलतोच असं नाही. नऊ जणांच्या नऊ परिस्थिती. म्हणून "नाव चालेल का?" असं एकदाच विचारून मोकळं होऊ नका. वेगवेगळं विचारा: भिंतीवरच्या पाटीवर कोणतं नाव, पत्रिकेवर कोणतं, वर्तमानपत्राला कोणतं द्यायचं, चेहऱ्याचा फोटो चालेल का, गावाचं नाव चालेल का. उत्तरं लिहून घ्या, त्यांच्याच हस्ताक्षरात.

मी हे शिकले ते चूक करून. एकाने पाटीवर पूर्ण नाव चालेल असं सांगितलं होतं. पत्रिकेचं मी विचारलं नाही, गृहीत धरलं. पत्रिका व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत त्याच्या कुटुंबाच्या गटात गेली आणि काकांनी ती सगळ्यांदेखत वाचली. दोन दिवस त्याने फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी आला, म्हणाला, "चित्र राहू दे, नाव काढ." आम्ही पत्रिका नव्याने बनवली, पण गेलेली परत येत नाही. त्या दोन दिवसांची जबाबदारी माझी आहे आणि ती मी अजून विसरलेले नाही. तुमच्या हातून हे होऊ नये म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

नावाइतकाच मराठीचा प्रश्न. इंग्रजीत चित्रकाराचा परिचय लिहिताना सर्वनाम सांभाळलं की बरंचसं निभतं. आपल्याकडे क्रियापदच सगळं सांगून टाकतं: जन्मला, जन्मली, शिकला, शिकली. आमच्यातल्या एकांना 'तो' नको होतं आणि 'ती'ही नको होतं. आदरार्थी 'ते आले' म्हटलं तरी पुरुषच डोळ्यांसमोर येतो. मी दोन रात्री त्या पाच ओळींशी झगडले. मग लक्षात आलं की वाट मराठीतच आहे. "त्यांनी शिक्षण घेतलं", "त्यांनी रेषा सोडून रंग धरला", "त्यांचा जन्म साताऱ्याचा". भूतकाळात कर्त्याला 'नी' लागला की क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि करणाऱ्याचं लिंग उघड होत नाही. प्रथमपुरुषात "मी गेलो, गेले" अडतं, पण "मी पाहिलं, मी काढलं, मला वाटलं" अडत नाही. पूर्ण परिचय अशा वाक्यांत बसला. त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी फोनवर काहीच म्हटलं नाही, फक्त पुन्हा एकदा वाच म्हणून सांगितलं. हा भाग एखाद्या व्याकरणवेड्या मित्राला दाखवून घ्या, घाईत एखादं 'राहतो' निसटतंच.

पैशाचं पटकन सांगते. प्रत्येकी पाच हजार, म्हणजे पंचेचाळीस हजार ठरले. दोघांना शक्य नव्हतं. कुणाला शक्य नाही याची चर्चा गटात करायची नाही, एकानेच हिशेब पाहायचा आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी थोडं जास्त द्यायचं, असं ठरवलं. भाडं आणि छपाई डोळ्यांसमोर असते. बुडवते ती फ्रेम. कागदावरच्या कामाला आम्लमुक्त माउंट (फ्रेमच्या आत चित्राला लावतात तो पुठ्ठा) लागतो, साधा पुठ्ठा लावला तर काही वर्षांत कडा पिवळ्या पडतात. फ्रेमवाल्या काकांकडे सगळ्यांची कामं एकदम नेलीत तर दर उतरतो. विक्री झाली तर दालन किती टक्के घेणार हे कागदावर लिहून घ्या आणि चित्रांच्या किमती उद्घाटनाआधी ठरवा. मित्राने "मला कमीत दे ना" म्हटलं की आपण विरघळतो, पण शेजारच्या भिंतीवर दुसऱ्याचं चित्र असतं आणि त्याचा भाव त्याने पडतो.

चित्रं लावण्याचं काम एक दिवसाचं समजू नका, दोन ठेवा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येऊ द्या, म्हणजे बहुतेकांच्या नजरेसमोर राहतो. दालनातल्या तज्ज्ञाच्या नजरेपेक्षा सुताराची लेव्हल जास्त खरी. इरकलीच्या काठांना खिळे मारायचे नव्हते, म्हणून मागच्या बाजूने कापडी नळी शिवली, त्यातून लाकडी पट्टी घातली आणि पट्टी टांगली. कापडावर कुठेच ताण आला नाही. प्रवासात रंगाच्या पृष्ठभागाला बबलरॅप थेट लावू नका, त्याच्या गोळ्यांचे ठसे रंगात उमटतात. मध्ये ग्लासिन (गुळगुळीत, पातळ) कागद घाला. कुडाळची चित्रं एसटीने आली, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, वर "पाण्यापासून जपा" असं खडूने लिहिलेली. एकालाही ओरखडा नव्हता.

मांडणी कशी करायची यावर आमचं सगळ्यात मोठं बोलणं झालं ते १७ ऑक्टोबर २०२३च्या संध्याकाळी. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला होता. सहा जण माझ्या स्वयंपाकघरात बसले होते, कुणी धड जेवत नव्हतं. आमच्यात दोन जोडपी, एक मोडलेलं जोडपं, बाकी मित्र. एकजण म्हणाली, "आपल्या नात्यांना कुठल्याच कागदावर जागा नाही, मग भिंतीवर देऊ या." त्यातून ठरलं की नेहमीसारख्या पाट्या लावायच्याच, नाव, माध्यम, वर्ष. पण खाली आणखी एक ओळ लिहायची आणि ती चित्रकाराने लिहायची नाही. ज्याने तिला किंवा त्याला या प्रदर्शनात आणलं, त्याने लिहायची. "हा माणूस माझ्या आयुष्यात कसा आहे" एवढंच.

या ओळी लिहायला चित्रांपेक्षा जास्त वेळ लागला. काही जणांनी कौतुक लिहिलं, ते आम्ही परत पाठवलं. एका ओळीत एकाचं आजारपण उघडं पडत होतं. त्याला दाखवल्याशिवाय ती लागली नाही आणि त्याने ती बदलून घेतली. मोडलेल्या जोडप्यातल्या एकाने दुसऱ्याबद्दल लिहिलं, "याने मला निळा रंग कमी वापरायला शिकवलं, मी अजून तसंच करतो." लोक त्या पाटीपुढे चित्रापेक्षा जास्त थांबत होते. तुम्हाला हेच करायला हवं असं नाही. पण तुमचं प्रदर्शन ओळखीतून जमलं असेल तर ती ओळख लपवून, कसलातरी जड विषय शोधून त्याखाली सगळ्यांना कोंबू नका. आम्हा नऊ जणांची चित्रं एका विषयावर नव्हतीच. ती शेजारी शेजारी होती कारण माणसं शेजारी होती.

एक दक्षता मात्र घ्या: दालनात सतत आपल्यातलं कुणीतरी बसू द्या. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. प्रश्न विचारणारे बहुतेक चांगलेच असतात. एखादा त्रास द्यायला येतो तेव्हा एकट्या माणसाने तोंड देऊ नये, दोघांची पाळी ठेवा. आणि काही जण फक्त बोलायला येतात. एक आजोबा तीन दिवस आले, एकही प्रश्न विचारला नाही, चौथ्या दिवशी अभिप्रायवहीत फक्त तारीख लिहून गेले.

शनिवारी सोलापूरहून त्या भरतकामवाल्या मैत्रिणीची आई आली, धाकट्या मुलीला घेऊन. पाळी माझी होती. आई आल्यापासून "तो जेवला का", "त्याला चहा दिला का" असंच बोलत होती. मैत्रीण ऐकत होती, काही म्हणत नव्हती. काठांपुढे आई बराच वेळ उभी राहिली. एक काठ तिच्याच साडीचा होता, तो तिने बोट न लावता ओळखला. मग चष्मा लावून पाटी वाचायला लागली, आमच्याकडच्या बाया वाचतात तशी, मोठ्याने. "इरकल काठ, रेशीम दोरा. हिने मला..." तिथे ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पाटीकडे वळली आणि पहिल्यापासून वाचलं. "हिने मला २०१६ साली, मला घरातून काढलं त्या रात्री, तिच्या खोलीची जास्तीची चावी दिली. ती अजून माझ्याकडे आहे."

मग थोरल्या लेकीला विचारलं, "कुठली गं ही खोली? मला कधी दाखवली नाहीस."