योव्हान रिस्तिचची कारकीर्द कागदावर मांडताना

सर्बियाचा मुत्सद्दी योव्हान रिस्तिच (१८३१–१८९९) कधी दरबारी वकील होता, कधी मंत्री, कधी पंतप्रधान आणि दोनदा वयात न आलेल्या राज्यकर्त्याचा कारभारी. त्यामुळे त्याची नुसती सनावळी केली की घोळ होतो. कागद आडवा धरून पाच रकाने आखा: जुनी तारीख, नवी तारीख, हुद्दा, गादीवर कोण, पदरात काय पडलं.

पहिले दोन रकाने आधी भरा. सर्बियात तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग चाले, म्हणून १८०० च्या मार्चपासून १९०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत जुन्या तारखेत १२ दिवस मिळवायचे. सर्बियाचा राज्यकर्ता प्रिन्स मिहाइलो याचा खून २९ मे १८६८ चा, म्हणजे १० जूनचा. वर्षअखेरीला जास्त जपा. नवी राज्यघटना २२ डिसेंबर १८८८ ची, पण नव्या पंचांगात ती ३ जानेवारी १८८९ ला पडते. एकच रकाना ठेवलात तर दोन पुस्तकांतली दोन वर्षं पाहून एक चुकीचं ठरवून मोकळे व्हाल.

नावं उच्चाराप्रमाणे लिहा. सर्बियन रोमन लिपीतला साधा सी म्हणजे आपल्या ‘चाक’मधला च, आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला सी ‘चार’मधल्या चच्या जवळचा. ‘रिस्तिच’ वाचताना हा दुसरा च हवा. जे हा य होतो, म्हणून जोव्हान नव्हे, योव्हान.

हुद्द्याच्या रकान्यात १८६१ ते १८६७ साठी ‘राजदूत’ लिहू नका. सर्बिया तेव्हा सुलतानाचं मांडलिक राज्य होतं, आणि इस्तंबूलमधला त्याचा प्रतिनिधी म्हणजे पेशवाईतल्या दरबारी वकिलासारखा. हा फरक कळला तरच १८६७ चं मोल कळतं. बेलग्रेड, शाबात्स, स्मेदेरेव्हो आणि क्लादोव्हो इथली तुर्की शिबंदी युद्धाविना निघाली. ६ एप्रिलला (नवी १८) बेलग्रेडच्या किल्ल्याजवळच्या कालेमेग्दान मैदानावर शहराच्या किल्ल्या (चाव्या) मिहाइलोच्या हाती आल्या, पण तटावर सर्बियन झेंड्याशेजारी तुर्की झेंडा फडकत राहील ही अट होतीच. ही अट शेवटच्या रकान्यात लिहाच. ती गाळली तर स्वातंत्र्य अकरा वर्षं आधीच मिळाल्यासारखं दिसतं.

१८६८–७२ चं पहिलं कारभारीपण (ब्लाझ्नावात्स आणि गाव्रिलोविच या सहकारभाऱ्यांसह, मिहाइलोनंतर गादीवर आलेल्या अल्पवयीन मिलानसाठी) आणि १८६९ ची राज्यघटना दोन ओळींत उरकते. १८७८ ला मात्र अर्धं पान ठेवा. रशिया-तुर्कस्तान युद्ध संपवणाऱ्या सान स्तेफानोच्या तहाने पिरोत आणि व्रान्ये बल्गेरियाच्या वाट्याला गेले होते. तो तह बदलण्यासाठी बड्या सत्तांनी भरवलेल्या बर्लिनच्या परिषदेत सर्बियाला बरोबरीची जागा नव्हती, म्हणून परराष्ट्रमंत्री रिस्तिच ऑस्ट्रिया-हंगेरीचा परराष्ट्रमंत्री आन्द्राशी याच्याकडे वळला. ८ जुलैच्या (ही आणि पुढची तारीख नवी) करारात त्याने ऑस्ट्रिया-हंगेरीला रेल्वेचा आणि व्यापारी कराराचा शब्द दिला. १३ जुलैच्या तहात स्वातंत्र्य मिळालं आणि ही दोन्ही गावंही आली. त्याच व्यापारी कराराच्या वादात १८८० मध्ये त्याला पंतप्रधानपद सोडावं लागलं. या दोन नोंदी बाणाने जोडा, नाहीतर राजीनामा अचानक वाटतो.

‘गादीवर कोण’ या रकान्यात १८८२ पूर्वी ‘राजा’ नको, ‘प्रिन्स’ लिहा. दुसरं कारभारीपण १८८९ चं, मिलानचा मुलगा, बाल अलेक्झांडर याच्यासाठी. ते १ एप्रिल १८९३ ला (नवी १३) संपलं. त्या रात्री अलेक्झांडरने कारभाऱ्यांना जेवणाच्या टेबलावरच अटकेत घेतलं आणि स्वतःला सज्ञान जाहीर केलं.