झिओलाइटने अल्कोहोलचे निर्जलीकरण : या चुका टाळा

गंधकाम्लाऐवजी झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचा ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा सांगाडा असलेला घन उत्प्रेरक) वापरून अल्कोहोलचे निर्जलीकरण, म्हणजे त्याच्या रेणूतून पाणी काढणे, एम.एस्सी.च्या प्रकल्पांत आता नेहमीचे झाले आहे, आणि अभिक्रिया अडली की तापमान वाढवायचे किंवा आणखी उत्प्रेरक ओतायचा, हा उतावळा उपायही तितकाच नेहमीचा आहे. चूक बहुधा फ्लास्क तापवण्याआधीच होऊन गेलेली असते.

बाटलीवरचे लेबल पूर्ण वाचावे. सोडियम रूपातल्या झिओलाइटमध्ये निर्जलीकरणासाठी लागणारे प्रोटॉनच नसतात. अमोनियम रूप असेल तर ते हवेत ५०० ते ५५० अंश सेल्सियसला भाजावे, म्हणजे अमोनिया निघून जातो आणि आम्ल रूप उरते. भाजलेली पूड मी डेसिकेटरमध्येच (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद पात्रात) थंड करतो, कारण उघड्यावर ठेवल्यास ती हवेतले पाणी भराभर शोषते आणि मग तोललेल्या वजनाला काही अर्थ राहत नाही.

सर्वांत जास्त नुकसान मात्र धुण्याच्या पाण्याने होते. छत्रपती संभाजीनगरातल्या एका प्रयोगशाळेत उन्हाळ्याच्या टंचाईत ऊर्ध्वपातित पाणी जपून वापरले जात असे, म्हणून एका विद्यार्थ्याने सायक्लोहेक्झॅनॉलच्या अभिक्रियेतून गाळलेला एच-वाय (वाय प्रकारचा, आम्ल रूपातला) झिओलाइट बोअरच्या पाण्याने भरपूर धुतला. पुढच्या फेरीत सायक्लोहेक्झीन जेमतेम मिळाले, आणि छिद्रांत कोक (कार्बनचा काळा थर) साचल्याचा निष्कर्ष त्याने लिहूनही टाकला. प्रत्यक्षात पूड हवेत भाजल्यावर पुन्हा पांढरीशुभ्र झाली, तरी क्रियाशीलता परतली नाही; कोक हेच कारण असते तर ती परतायला हवी होती. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी जड असते, आणि झिओलाइट त्यातले कॅल्शियम व सोडियम उचलून स्वतःचे प्रोटॉन सोडून देतो. कपडे धुण्याच्या पावडरीत पाणी मृदू करण्यासाठी झिओलाइट घालतात तो याच गुणामुळे. अमोनियम क्लोराइडच्या कोमट द्रावणात पुन्हा आयन-विनिमय करून, ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन भाजल्यावर तो उत्प्रेरक बहुतांशी सावरला. तेव्हापासून टंचाई असली तर मी प्रयोग पुढे ढकलतो, धुण्याच्या पाण्यात काटकसर करत नाही.

अभिक्रियेत तयार होणारे पाणीही आम्लस्थानांना (प्रोटॉन असलेल्या जागांना) चिकटून बसते, त्यामुळे ते बाहेर काढत राहावे. सायक्लोहेक्झॅनॉल १६१ अंशांना उकळते, तर सायक्लोहेक्झीन व पाणी मिळून सुमारे ७१ अंशांनाच वर येतात, म्हणून लहान स्तंभ लावून ते सावकाश ऊर्ध्वपातित करावे. ज्यांना घाई असते ते बर्नर वाढवतात आणि ग्राहकपात्रात न बदललेले अल्कोहोल गोळा करतात.

झेडएसएम-५ या प्रकारच्या झिओलाइटची छिद्रे जेमतेम साडेपाच अँगस्ट्रॉमची असतात. अवजड अल्कोहोल त्यांत शिरत नाही, तिथे मोठ्या छिद्रांचा बीटा किंवा वाय झिओलाइट वापरावा. प्राथमिक अल्कोहोल कमी तापमानाला ईथर देतात, त्याला उत्प्रेरकाचा दोष म्हणू नये. तळाशी घासत फिरणारा चुंबकी दांडा पुडीचे पीठ करतो आणि ते पुढे गाळणीतून निसटते. मी वरून फिरणारा ढवळक वापरतो. वापरलेली ओली पूड थेट तापलेल्या मफल भट्टीत घालू नये, कारण वाफेने सांगाड्यातले ॲल्युमिनियम निघून जाते. ती आधी ११० अंशांना वाळवून, भट्टीचे तापमान मिनिटाला एक-दोन अंशांनीच चढवावे.