जुन्या नाण्यावरची टाकसाळीची चूक आणि नंतरची मोडतोड वेगळी कशी ओळखावी

नाण्यावर काही चमत्कारिक दिसले, तर ते टाकसाळीतल्या कोणत्या टप्प्यावर घडू शकते हा प्रश्न आधी विचारावा. कोरी चकती कापणे, ठसे बनवणे आणि दोन ठशांमध्ये चकती दाबणे, यांपैकी कशातही जे बसत नाही, ते बहुधा बाजारात किंवा सराफाच्या पेढीवर घडलेले असते.

प्रथम त्याच सालचे सर्वसाधारण नाणे शेजारी ठेवून दोन्हींचे वजन करावे. व्हिक्टोरिया राणीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. तो बराच हलका भरला आणि दोन्ही बाजू सारख्याच पुसट असतील, तर झीज किंवा आम्लाचा संशय घ्यावा. पाव आणा मात्र १९०६ मध्ये तांब्याऐवजी ब्राँझचा झाला आणि सुमारे साडेसहा ग्रॅमवरून ४.८६ ग्रॅमवर आला. ही चूक नव्हे.

त्यानंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन तिरप्या उजेडात रेषा उठावदार आहे की खोलगट, ते पाहावे. ठशाला तडा गेला, तर दाबाखाली धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंचावलेली रेषा उमटते. नंतर पडलेला ओरखडा खोल असतो व बहुधा त्याच्या कडेला धातू सरकून साचलेला दिसतो. सराफाने पारखताना मारलेले छोटे ठसे आणि कडी डाखल्याच्या खुणा याच दुसऱ्या गटातल्या.

सर्वाधिक फसवणूक उलट्या छापाच्या नाण्यांत होते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याच्या एका बाजूची आरशातल्यासारखी उलटी व खोलगट प्रतिमा उमटते आणि दुसरी बाजू नेहमीप्रमाणे ठसठशीत येते. शेगड्यात (वस्तू घट्ट आवळून धरणाऱ्या पकडीत) दोन नाणी एकमेकांवर दाबून केलेल्या नकलेत मूळ चित्राचे अवशेष उलट्या छापाखाली राहतात आणि मागची बाजू चपटी होते. काठाचा तुकडा नसेल, तर बरोबर समोरचा काठ पाहावा. चकती कापतानाच तुकडा गेला असेल, तर तिथला काठही बहुधा अस्पष्ट उमटतो. पुढे कानशीने घासलेल्या नाण्यात तो ठणठणीत असतो.

१९४३ ते १९४७ दरम्यानच्या पैशाला मधोमध भोक असणे हेच नियमाचे आहे. भोक नसलेला पैसा मिळाला, तर मध्यभागी भर घातल्याची गोल सांध शोधावी.

शिवराईला, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याला, मात्र काठाची ही कसोटी लावू नये. हाताने पाडलेल्या त्या नाण्यांत ठसा अनेकदा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून ‘श्री राजा शिव’ मधले एखादे अक्षर काठाबाहेर जाणे नेहमीचेच होते, आणि तेवढ्यासाठी जादा किंमत मागणाऱ्या विक्रेत्याला ती देऊ नये.